अकरा दिवस भिजलेला बांबू

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी सकाळी सिद्रामप्पा गच्चीवरून खाली उतरले, तेव्हा त्यांच्या टकलावर पीठ सांडलेलं होतं.

"काय अप्पा, वर गिरणी टाकली काय?" दुसऱ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली आणि जिन्यात हशा पिकला.

सिद्रामप्पांनी डोक्यावरून हात फिरवला, बोटांकडं बघितलं, वास घेतला. बारीक, पिवळट, ज्वारीच्या पिठासारखं. गच्चीवर बांबूचं छत झाल्यापासून पाऊस असो नसो, ते बाज टाकून वरच झोपायचे. चादरींच्या दुकानाचे मालक, सोसायटीचे चेअरमन, आणि पांघरायला मात्र बायकोचं जुनं लुगडं. त्या लुगड्यावरही तेच पीठ होतं.

तिसऱ्या मजल्यावर एकनाथराव दुधाचं पातेलं घेऊन दारात उभे होते. तेही हसले. हसता हसता त्यांनी पातेलं खाली ठेवलं. हे पीठ कशाचं, ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

पहिल्या मजल्यावरची ऋतुजा वर गेली. पोरगी पुण्याला शिकून आर्किटेक्ट होऊन आलेली, छताचा आराखडा तिनंच केलेला. तिनं स्टुलावर चढून बांबूवर बोटानं टकटक केलं. भुरुभुरु पीठ पडलं. तिनं मोबाइलचा दिवा लावला आणि एकेक बांबू तपासला.

"काका," ती खाली येऊन म्हणाली, "भोकं आहेत. टाचणीनं पाडल्यासारखी. किडा लागलाय. एका बांबूला नाही, जवळजवळ सगळ्यांना."

"असं कसं होईल?" एकनाथराव म्हणाले. आणि म्हणताना आपला आवाज किती खरा वाटतोय, याची त्यांना लाज वाटली.

भवानी पेठेतली ती इमारत तीन मजली, सहा बिऱ्हाडांची. पूर्वी तिथं सूत रंगवायचा कारखाना होता. तो गेला, इमारत उभी राहिली, पण मागच्या अंगणात रंगाचे दोन लांब सिमेंटचे हौद तसेच राहिले. एका हौदात सगळ्यांचं वापरायचं पाणी साठवत, दुसरा कोरडाच असे. नळाला पाणी पाच दिवसांनी यायचं, त्यामुळं भरलेला हौद म्हणजे त्या अंगणातलं सगळ्यात मोठं धन.

एकनाथरावांचं घर वरच्या मजल्यावर. डोक्यावर नुसता स्लॅब. चैत्र लागला की दुपारी भिंतीला हात लावता येत नसे आणि रात्री पंखा नुसता गरम वारा ढवळायचा. रुक्मिणीबाई फरशीवर पाणी शिंपडून, वर ओलं धोतर टाकून पडायच्या. "गच्चीवर काहीतरी सावली करा हो," त्या म्हणायच्या. एकनाथराव म्हणायचे, "बघू." पत्र्याची शेड नको, ती आणखी तापते. पक्कं बांधकाम नको, स्लॅब जुना, वजन पेलायचा नाही आणि परवानगीही मिळायची नाही. असं नको तसं नको करत सहा उन्हाळे "बघू" मध्ये गेले.

बांबूचं पहिल्यांदा रुक्मिणीबाईंनीच काढलं. त्या सूप-टोपल्या अक्कम्माकडून घ्यायच्या. अक्कम्मा आणि तिचा नवरा चनबसप्पा, दोघं बांबूकाम करणारी, मूळ अक्कलकोटच्या बाजूची, घरात कानडी बोलणारी. त्यांची गल्ली इथून चालत दहा मिनिटांवर. अक्कम्मानं सांगितलं होतं, "वैनी, वेळूचं छत घाला की. दोन तट्ट्या, मधी प्लास्टिकचा कागद. उन्हाळा खाली उतरतच न्हाई." रुक्मिणीबाईंनी घरी येऊन तसंच सांगितलं. एकनाथराव पेपर वाचत होते. "बघू," म्हणाले.

माघात रुक्मिणीबाई गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत. उन्हानं गेल्या नाहीत, हृदयानं गेल्या, थंडीच्या दिवसांत. त्यामुळं कुणी एकनाथरावांना बोल लावला नाही. तो त्यांनी स्वतःच लावून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात ते एकटे त्या तापल्या घरात पडून राहिले आणि दिवाळी झाल्यावर सोसायटीच्या बैठकीत उठून म्हणाले, "गच्चीवर बांबूचं छत करू. सगळं मी बघतो."

तो 'बघतो' लोकांना नवा वाटला. सगळे हो म्हणाले.

ऋतुजानं आराखडा काढला. स्लॅबवर भार नको म्हणून कठड्याला लोखंडी बूट बोल्टानं बसवायचे, त्यात जाड कळकाचे खांब, वर वासे, त्यावर बांबूच्या कामट्या विणून केलेल्या दुहेरी तट्ट्या. चनबसप्पानं कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "पोरगी शानी हाय. फक्त दोन गोष्टी तिच्या कागदात न्हाईत. एक, वेळू आवसेच्या आसपास तोडायचा, पुनवेला न्हाई. आनि दुसरी, तोडल्यावर एकवीस दिवस पाण्यात. वर दगड ठिवून, बुडवून. त्यातली साखर पाण्यात उतरली पायजे. साखर ऱ्हायली की किडा आलाच म्हणून समजा. मग कितीबी चांगलं बांदा, सहा म्हैन्यात पीठ."

"एकवीस म्हणजे एकवीस?" एकनाथरावांनी विचारलं.

"ईस नको आनि बावीस झालं तर चालतंय."

एकनाथराव हसले. त्यांना ते आवडलं. नोकरीची तेहतीस वर्षं त्यांनी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली होती आणि तारखेच्या बाबतीत त्यांची ख्याती होती. शाळाप्रवेशासाठी चार महिने आधीची जन्मतारीख हवी म्हणून लोक पेढे घेऊन येत, आमदाराची चिठ्ठी घेऊन येत. एकनाथराव पेढे परत देत. चनबसप्पाही कधीकाळी आपल्या पोरीसाठी येऊन गेला होता. पोरगी अमावस्येची झाली, एक दिवस पुढं लिहा, म्हणून त्यानं हात जोडले होते. त्यांनी लिहिलं नव्हतं. चनबसप्पाला त्याचा राग नव्हता. उलट तो चारचौघांत सांगायचा, "ह्यो मानूस तारीख बदलत न्हाई."

पौषातली अमावस्या धरून बांबू तोडला. अकरा-अकरा फुटांचे तुकडे करून कोरड्या हौदात रचला, वर मोठाले दगड ठेवले, नळाचं पाणी सोडलं. सोसायटीतल्या बायकांनी कुरकुर केली, पण हे काम रुक्मिणीबाईंच्या नावाचं आहे असं समजून गप्प बसल्या. चनबसप्पाची पोरगी अक्कलकोटला बाळंतपणाला अडली होती, म्हणून नवरा-बायको तिकडं गेले. जाताना तो एकनाथरावांना म्हणाला, "दिवस तुमी मोजा. तुमी हाय म्हणून मी जातोय."

चौथ्या दिवशी पाण्याला फेस आला. सातव्या दिवशी वास सुटला. कुजकट, आंबूस, मेलेल्या जनावरासारखा. नवव्या दिवशी पाणी काळं झालं आणि वास जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर आला. आणि बाराव्या दिवशी रुक्मिणीबाईंचं वर्षश्राद्ध होतं.

मोहोळहून रुक्मिणीबाईंचे भाऊ ज्ञानबा येणार होते, त्यांचे दोन चुलतभाऊ, बायका, तीसेक माणसं. पंगत अंगणात, हौदाच्या शेजारीच बसणार. ज्ञानबा म्हणजे तोंडाचा फटकळ माणूस. बहिणीच्या तेराव्यालाच तो बोलला होता, "दाजी, आमची अक्का तुमच्या भट्टीत तीस वर्षं भाजली बघा." लोकांसमोर बोलला होता. एकनाथरावांना ते वाक्य दिवसभरात दहादा ऐकू यायचं. आता हा माणूस येणार, जेवायला बसणार, आणि नाकाला उपरणं लावून म्हणणार, "अक्काच्या वर्षश्राद्धाला बी घाणच का, दाजी?"

अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी नाक्यावरून दोन मजूर आणले. दगड काढले, बांबू बाहेर काढून भिंतीच्या सावलीला उभे केले, काळं पाणी गटारात सोडलं, हौद फिनाईलनं धुतला. श्राद्ध झालं की परत टाकू, दहा दिवस उरलेत ते भरून काढू. तसं त्यांनी ठरवलं होतं, मनापासून ठरवलं होतं.

श्राद्ध नीट झालं. ज्ञानबा काही बोलला नाही, दोनदा खीर घेतली, आणि निघताना एकनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या आठवड्यात नळाला पाणीच आलं नाही, कुठं तरी जलवाहिनी फुटली म्हणून. आलं तेव्हा बायकांनी वापरायचा हौद भरून घेतला, आणि दुसरा भरा म्हणायला एकनाथरावांना तोंड उघडवेना. बांबू भिंतीला उभे, वाळत चाललेले, दिसायला छान. आज टाकू, उद्या टाकू. बघू.

तेविसाव्या दिवशी चनबसप्पा आला. नात झाली म्हणून पेढे घेऊन आला. बांबूवर हात फिरवला, एक उचलून वजन बघितलं. "झाले न्हवं एकवीस, सायेब?"

एकनाथरावांच्या तोंडात पेढा होता.

"झाले," ते म्हणाले.

एवढंच. अर्धं मिनिट गेलं नाही. चनबसप्पानं मान डोलावली आणि बांबू वर चढवायला सुरुवात केली.

छत मात्र असं झालं की पेठेतले लोक बघायला यायला लागले. चैत्रात, वैशाखात खालच्या घरात भिंतीला हात लावता येऊ लागला. दुपारी सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका वर शेवया करायला बसायच्या. सिद्रामप्पांनी बाज वर नेली ती नेलीच. एकनाथराव कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. तट्टीतून उन्हाचे बारीक ठिपके फरशीवर पडत, आणि ते बघताना त्यांना वाटे की तिला निदान हे आवडलं असतं. तोंडातला तो एक शब्द, 'झाले', त्या दिवसांत ते विसरूनच गेले होते. माणूस सुखात असला की काय काय विसरतो.

मे महिन्यात होटगी रस्त्यावरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका ऋतुजाच्या ओळखीनं आल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरचे पाच वर्ग असेच तापायचे. त्यांनी छत बघितलं, चनबसप्पाशी बोलल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत आमचं करा." पाच वर्गांचं छत म्हणजे चनबसप्पाच्या एकट्याचं काम नव्हे. गल्लीतली सात घरं त्यात लागणार होती. प्लास्टिकच्या टोपल्या आल्यापासून त्या गल्लीत एवढं काम एकदम आलं नव्हतं. चनबसप्पानं तिथंच गच्चीवर उकिडवं बसून फरशीला हात लावला, मग कपाळाला लावला.

आणि आता श्रावणात सिद्रामप्पांच्या टकलावर पीठ.

चनबसप्पाला बोलावणं गेलं. तो आला, स्टुलावर चढला, कोयत्यानं एका वाशाची कड काढली. आत सगळा भुसा. त्याचा चेहरा असा झाला की ऋतुजानं मान फिरवली.

"काय रे, हे असलं देतोस काय?" सिद्रामप्पा म्हणाले. मग कानडीत आणखी काही बोलले, ते एकनाथरावांना समजलं नाही, पण चनबसप्पाची मान खाली गेली ती दिसली. "शाळेतल्या पोरांच्या डब्यात पीठ पडलं म्हणजे? ह्या लोकांचं असंच की. पुढचं काम मिळालं की मागचं सोडून देतात."

"अप्पा, तसं नका बोलू," ऋतुजा म्हणाली. "प्रक्रियेत काहीतरी चुकलंय. बांबू भिजला होता ना, काका? एकवीस दिवस?"

सगळ्यांनी एकनाथरावांकडं बघितलं. चनबसप्पानं बघितलं नाही. त्याला बघायची गरजच वाटली नाही.

"भिजला व्हता की," तोच म्हणाला. "सायेबांनी मोजलेत. ते चुकायचे न्हाईत. चूक माझी हाय. आवस चुकली असंल माझी. पौषात ढगाळ व्हतं, तोडायला एक दोन दिवस पुढंमागं झालं असंल." तो स्टुलावरून उतरला. "मी बदलून देतो सगळं. माझ्या पदरचं."

एकनाथरावांनी काही म्हटलं नाही. नंतर त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की त्या क्षणी काय झालं होतं. काही झालं नव्हतं. तोंड होतं, शब्द होता, माणसं समोर होती. ते नुसते उभे राहिले.

शाळेत बातमी कुणी पोचवली कोण जाणे. चौथ्या दिवशी ऋतुजाला फोन आला. दिवाळीचा विचार सध्या थांबवलाय.

एकनाथराव एकदा मनाचा हिय्या करून चनबसप्पाच्या गल्लीत गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. चनबसप्पा घरी नव्हता. अक्कम्मा दारात बसून सूप विणत होती. "बर्री, बर्री, कूड्री. बसा की," म्हणत तिनं चटई झटकून पुढं केली. ते बसले. चहा आला. त्यांनी चहा प्यायला.

"ह्ये झोपत न्हाईत," अक्कम्मा आपणहून म्हणाली. "उठतेत, कॅलेंडर बघतेत. पौषाचं पान काढून ठिवलंय. म्हणतेत, माझ्या बापानं आवस मोजायला शिकिवली, आनि मी साठीत चुकलो. आता गल्लीतला वेळू माझ्या भाच्यानं बघावा, मी न्हाई बघत. असं बोलतेत."

एकनाथराव म्हणाले, "अक्कम्मा, मला जरा—"

"थांबा की," ती उठली आणि आतून एक नवंकोरं सूप घेऊन आली. "गौरी आल्या जवळ. वैनी दरसाल माझ्याकडूनच न्यायच्या. घरात बाई न्हाई म्हणून गौरी यायच्या ऱ्हात्यात व्हय? न्या. पैशाचं नाव काढू नका."

ते सूप काखेत घेऊन घरी आले. भर रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल असं सूप घेऊन एक म्हातारा चाललाय. सांगायला गेलेला माणूस आहेर घेऊन परत आला. आपल्याइतका नालायक माणूस या पेठेत दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटूनही त्यांनी त्या आठवड्यात कुणाला काही सांगितलं नाही. गौरी गेल्या, गणपती गेले.

अनंतचतुर्दशीनंतर चनबसप्पा आणि अक्कम्मा छत उतरवायला आले. गडी घेतला नव्हता, दोघंच. तो वर चढून दोऱ्या सोडायचा, ती खालून बांबूचं टोक धरायची. हातात घेतलेला बांबू कधी कधी मधेच मोडायचा आणि दोघांच्या अंगावर पीठ उडायचं. ऋतुजा बोल्ट काढून डब्यात टाकत होती. एकनाथरावांनी तिघांना चहा नेला.

"ह्याचं काय करणार?" त्यांनी काढून ठेवलेल्या ढिगाकडं बघत विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"जाळायला पायजे खरं तर, न्हाईतर किडा पसरतोय. पर वेळू जाळत न्हाईत आमच्यात. वंश जळतोय म्हणतेत." चनबसप्पानं कपाळावरचं पीठ पुसलं. "पुरीन कुटंतरी लांब. माझंच पाप हाय, मलाच निस्तराय पायजे."

"तुझं नाही," एकनाथराव म्हणाले.

"हां?"

"अकरा दिवस भिजला होता."

चनबसप्पा शिडीवर उभा, हातात अर्धी सुटलेली दोरी. ऋतुजाचा पाना थांबला. एकनाथरावांना पुढचं सगळं एका दमात सांगायचं होतं, श्राद्ध, ज्ञानबा, वास, जलवाहिनी. पण एकेक कारण ओठांपर्यंत येऊन इतकं लहान होत गेलं की बोलवेना.

"मीच काढला," ते म्हणाले. "पाहुणे येणार होते. वास येत होता."

"मग परत टाकला न्हाई?"

"पाणी आलं नाही. नंतर राहिला."

"ऱ्हायला," चनबसप्पा म्हणाला.

तो हळूहळू खाली उतरला. अक्कम्माकडं बघून कानडीत काही म्हणाला. तिनं हातातलं बांबूचं टोक सावकाश खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले, एकेक बोट.

"फाडताना वास आला व्हता मला," चनबसप्पा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "गोड वास. उसासारखा. भिजल्या वेळूला गोड वास येत न्हाई. ही म्हणली सुद्दा, ह्यो कच्चा हाय. मी हिच्यावर वराडलो. म्हणलं सायेबांनी एकवीस सांगितलेत, तुझं नाक खरं का त्यांची गोष्ट खरी?" तो थांबला. "धा दिवस की हो. तुमी नुसतं म्हणला असता, चनबसप्पा, ऱ्हायलंय, तर मी आनि धा दिवस टाकला असता. पाणी न्हवतं तर आमच्या हिरीवरनं आणलं असतं. धा दिवसांची गोष्ट व्हती."

"माझं चुकलं."

"ते झालं. पर मी दीड म्हैना कॅलेंडर बघतोय त्येचं काय?"

चहा निवून गेला. कुणी प्यायला नाही.

"हितं मला एकट्याला सांगून भागायचं न्हाई," चनबसप्पा म्हणाला. "ज्या ज्या लोकांम्होरं माझी मान खाली गेली, तितं तितं सांगायचं. माझ्याबरुबर येऊन."

रविवारी सकाळी अंगणात सोसायटी बसली. एकनाथरावांनी उभं राहून सांगितलं. तारीखवार सांगितलं, काही गाळलं नाही. सांगताना हौदाचा कठडा धरला होता. आता लोक बोलतील, शिव्या देतील, अशी त्यांची तयारी होती. शिव्यांची त्यांना भूकच लागली होती म्हणा ना.

सिद्रामप्पा पुढं झाले आणि त्यांनी एकनाथरावांच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो, एवढंच होय? वहिनींच्या वर्षश्राद्धाला घाण नको म्हणून काढलात, मग त्यात काय मोठं? कुणीही काढला असता की."

"तेच तर," दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली. "मनाला किती लावून घेतलंत! बसा, पाणी प्या."

कुणी तरी पाणी आणलं. कुणी तरी खुर्ची पुढं केली. दीड महिन्यापूर्वी याच माणसांनी एका कारागिराला 'ह्या लोकांचं असंच' म्हणून निकालात काढलं होतं. आता तीच माणसं त्यांना गोंजारत होती, आणि चनबसप्पा नळापाशी उभा होता. त्याच्याकडं कुणाचं लक्षही गेलं नाही. रुक्मिणीचं नाव पुढं करून त्यांना सोडवलं जात होतं. आणि खरं म्हणजे हेच नाव आपल्याला सोडवील, हे त्यांना आतून माहीत होतं. एवढे दिवस न सांगण्यामागं तेही एक कारण होतं.

"अप्पा," ते म्हणाले, "तुम्ही याला जे बोललात, ते मला बोला."

"जाऊ द्या हो."

"नाही. तेच शब्द बोला. कानडीतले सुद्धा."

सिद्रामप्पा कानकोंडे झाले. डोक्यावरून हात फिरवून इकडंतिकडं बघायला लागले. एकनाथरावांनी आपली खुर्ची उचलून नळापाशी नेली आणि चनबसप्पाच्या पुढं ठेवली. चनबसप्पा तीत बसला नाही.

"मी हुबाच बरा," तो म्हणाला. "झालं न्हवं हितलं? शाळेत चला."

दोघं सोमवारी रिक्षानं होटगी रस्त्याला गेले. शाळेच्या फाटकातूनच दिसलं. वरच्या मजल्यावर निळे पत्रे चढत होते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मुख्याध्यापिकांनी बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. बाई सज्जन होत्या.

"मला वाईट वाटतं," त्या चनबसप्पाला म्हणाल्या. "तुमची चूक नव्हती हे मी आमच्या समितीला लेखी कळवीन. पण काम दिलं गेलं. पंधरा दिवसांपूर्वी आला असतात, तर मी थांबवलं असतं."

पंधरा दिवसांपूर्वी. गौरींच्या दिवसांत. एकनाथरावांनी खाली बघितलं. ते हिशेब मनात करायला लागले आणि मग केला नाही. केला असता तरी उत्तर एकच होतं.

परतीच्या रिक्षात चनबसप्पा अचानक बोलला. "आमच्या गल्लीत यायचं अजून. सात घरं हायेत."

ते गेले. सातही दारांत उभे राहून सांगितलं. कुणी बसा म्हटलं, कुणी नाही. एका म्हातारीनं ऐकून नुसतं दार लावून घेतलं. ते त्यांना सगळ्यात बरं वाटलं.

दिवाळीनंतर चनबसप्पानं निरोप धाडला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला नवा बांबू तोडतोय, हौद रिकामा ठेवा. एकनाथरावांनी सगळा खर्च आपला म्हणून सांगितलं. त्यानं ते मान्य केलं, आभार मानले नाहीत. एकनाथराव ओशाळून म्हणाले, "या वेळी मी रोज—" तर त्यानं हात वर केला.

"तुमी न्हाई. दिवस अक्कम्मा मोजंल."

तेव्हापासून अक्कम्मा रोज सकाळी येते. दहा मिनिटं चालत येते, हौदातल्या दगडांवरून नजर फिरवते, पाण्यात बोट घालून वास घेते आणि कनवटीच्या चुन्याच्या डबीतून बोटभर चुना काढून भिंतीवर एक रेघ ओढते. पूर्वी ती जिन्यात हाक मारायची, "सायेब, बरं हाय न्हवं?" आता मारत नाही. काम झालं की पदर सारखा करून निघून जाते.

वास सुटलाय. खालच्या बायका दारं लावून घेतात. सिद्रामप्पा दुकानाला लवकर जातात. एकनाथराव मात्र सकाळी खुर्ची घेऊन हौदापाशीच बसतात, तिथं करण्यासारखं त्यांना काही नसतं तरी. अक्कम्मा फाटकातून आत आली की उठून उभे राहतात आणि ती जाईपर्यंत उभेच असतात.

परवा त्यांनी न राहवून विचारलं, "आज कितवा?"

तिच्या बोटाला चुना होता. तिनं रेघ ओढली, मागं सरून नीट बघितली, आणि भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाली, "तुमी नका इचारू."